आरोग्यमंत्री साहेब, नुसती बोटातली शुगर बघून आमची माणसं सापडणार नाहीत

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांना
सप्रेम नमस्कार.

साहेब, मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात लॅब टेक्निशियन आहे, डीएमएलटी (लॅबचा डिप्लोमा) करून १९ वर्षं झाली, रोज सकाळी सातला पहिलं सॅम्पल घेते. डायबेटिस आणि हार्टचा धोका वेळेआधी ओळखण्याबद्दलचं हे पत्र एका ट्यूबमुळे लिहितेय.

रक्त गोठलं की आम्ही ट्यूब सेंट्रिफ्यूजला लावतो, खाली लाल गोळा बसतो आणि वर सिरम येतं. ते पिवळसर, नितळ असायला पाहिजे. कधीकधी ते गढूळ येतं, पाण्यात दूध मिसळल्यासारखं, त्याला आम्ही लायपेमिक म्हणतो, म्हणजे रक्तातली ट्रायग्लिसराइड नावाची चरबी इतकी वाढलीय की मशीनला लावायच्या आधीच डोळ्यांना दिसतेय. २०१४ ला माझ्या दादाचं सिरम असं आलं. वय ३६, वजन ६१ किलो, हातपाय काटक्या, नुसतं शर्टाखाली थोडं पोट. ट्रायग्लिसराइड ४१२, एचडीएल म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल ३१, उपाशीपोटी शुगर १०४. एका शिबिरात त्याने तो रिपोर्ट दाखवला, तिथं फक्त शुगरचा आकडा बघितला आणि सांगितलं की डायबेटिस नाही, जा. मीपण घरी एवढंच म्हटलं की दादा तळलेलं कमी कर. २०१९ ला उसाला पाणी देताना छातीत कळ आली, दोन स्टेंट पडले. महात्मा फुले योजनेत झालं म्हणून जमीन विकावी लागली नाही, त्याबद्दल सरकारचे मनापासून आभार मानते. पण त्या स्टेंटला पैसे आहेत आणि पाच वर्षं आधीच्या त्या ट्यूबकडे बघायला कुणी नाही, हे मला सहन होत नाही.

मेटाबॉलिक सिंड्रोम हा शब्द मी तेव्हा कॉलेजच्या पुस्तकात वाचलेला, पण दादाला लावून बघितला नाही. डायबेटिस आणि हार्टचा धोका वाढवणाऱ्या गोष्टी एकाच माणसात जमणं म्हणजे हा सिंड्रोम. पाच गोष्टी असतात: आपल्याकडच्या पुरुषाच्या पोटाचा घेर ९० सेंमी किंवा जास्त आणि बाईचा ८० किंवा जास्त, ट्रायग्लिसराइड १५० किंवा वर, एचडीएल पुरुषात ४० च्या आणि बाईत ५० च्या खाली, बीपी १३०/८५ किंवा वर, उपाशीपोटी शुगर १०० किंवा वर. पाचातल्या तीन भरल्या की झालं. दादाचा घेर ९३ होता. पाचातल्या चार भरत होत्या साहेब, आणि माणूस "नॉर्मल" म्हणून घरी आला.

हे आपल्या लोकांचं दुखणं काय आहे ते आपल्याच पुण्यात शोधलंय. केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास केला, बाळ सरासरी २.७ किलोचं, इंग्लंडचं ३.५ किलोचं, पण आपल्या हडकुळ्या बाळाच्या अंगावर चरबी मात्र तितक्या प्रमाणात कमी झालेली नव्हती, जे कमी होतं ते स्नायू आणि बाकीचं सगळं. २००४ ला लॅन्सेट या डॉक्टरी मासिकात त्यांचा आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला होता, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा २२.३, आणि अंगातली चरबी युडकिनना ९.१ टक्के, याज्ञिकांना २१.२. मी तो फोटो मोबाइलमध्ये ठेवलाय, पेशंट "मी तर बारीक आहे" म्हणाला की दाखवते. वजनकाट्यावर आपला धोका दिसत नाही, तो पोटाच्या टेपवर आणि रक्तात दिसतो. आयसीएमआरचा २०२३ चा इंडियाब अभ्यासपण तेच सांगतो, देशात डायबेटिस ११.४ टक्के, त्याच्या उंबरठ्यावर १५.३ टक्के, बीएमआयने लठ्ठ २८.६ टक्के आणि पोटाच्या घेराने ३९.५ टक्के. ही मधली माणसं कोण आहेत, ती माझ्या दादासारखीच आहेत की.

आता आपलं एनसीडी स्क्रीनिंग, म्हणजे बीपी-शुगरसारख्या न लागणाऱ्या आजारांची तपासणी बघा. आशाताई घरोघर जाऊन ३० वर्षांवरच्या प्रत्येकाचा सीबॅक नावाचा धोका तपासायचा फॉर्म भरते, त्यात कंबरेचं माप आहे, घरात कुणाला बीपी-शुगर आहे का तेही आहे, फॉर्म चांगला आहे. पुढे उपकेंद्रावर बीपी आणि ग्लुकोमीटरवर बोटातल्या थेंबाची शुगर. ती शुगर वाढलेली सापडते तेव्हा आतलं इन्सुलिन कित्येक वर्षं झगडून थकलेलं असतं. ट्रायग्लिसराइड वर आणि एचडीएल खाली हे त्याच्या आधी होतं. लिपिड, म्हणजे रक्तातल्या चरबीची टेस्ट, सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी लिहून दिलं तर होतं, पण कुणी लिहायचं, ज्याला काही त्रासच नाही तो डॉक्टरकडे जाईलच कशाला?

माझं मागणं मोठं नाही. फॉर्ममध्ये ज्याचा घेर मर्यादेच्या वर आहे किंवा आईवडिलांना डायबेटिस आहे, त्याची ट्रायग्लिसराइड आणि एचडीएल एकदा करा. ज्या सेमी-ऑटो मशीनवर आम्ही शुगर आणि क्रिएटिनिन लावतो त्यावरच हे होतं, ट्यूब तीच, सुई तीच, फक्त रिएजंट म्हणजे टेस्टचं रसायन वाढतं. आणि शुगर आणि ट्रायग्लिसराइड दोन्ही उपाशीपोटी हातात असले की त्यांचा गुणाकार करून टायजी इंडेक्स काढता येतो, इन्सुलिनचा महागडा किट न लावता शरीर इन्सुलिनला किती दाद देत नाहीये त्याचा अंदाज येतो. आपल्या लोकांसाठी कुठल्या आकड्याला सावध व्हायचं ते आपल्याच गावांतल्या आकड्यांवरून ठरवा, ते ठरवू शकणारी माणसं पुण्यात आहेत.

उपाशीपोटीची अडचण मला माहिती आहे, तोडणीला पहाटे चारला निघणाऱ्या बाईला आपण दहा वाजेपर्यंत चहा न पिता थांब म्हणून सांगू शकत नाही. युरोपातल्या तज्ज्ञांनी २०१६ मध्ये खाल्लेल्या पोटीसुद्धा ट्रायग्लिसराइड चालेल असं ठरवलंय, फक्त तेव्हा १५० ऐवजी १७५ ही रेघ. म्हणजे पहिली गाळणी अशी लावा आणि जो अडकला त्यालाच दुसऱ्या दिवशी उपाशी बोलवा.

अजून एक लॅबच्या आतली गोष्ट, ही मंत्रालयात कुणी सांगत नसेल म्हणून सांगते. साध्या ट्यूबमधलं रक्त सेंट्रिफ्यूज न करता ठेवलं तर आतल्या पेशी शुगर खात बसतात, तासाला ५ ते ७ टक्के कमी होते. उपकेंद्रावर आठला घेतलेलं सॅम्पल मोटरसायकलवरून फिरत फिरत अकराला पोचलं तर ११० ची शुगर शंभराच्या आत येते आणि तो माणूस यादीतून सुटतो. करड्या झाकणाची फ्लोराईड ट्यूब आणि आइसबॉक्स द्या, आणि जमेल तिथं सिरम जागेवरच वेगळं करायला लहान सेंट्रिफ्यूज द्या. सगळ्यात महागडं मशीनसुद्धा खराब सॅम्पलमधून खरा आकडा काढू शकत नाही.

आणि "सगळ्यांची एचबीएवनसी (दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी टेस्ट) करून टाका" असं कुणी सुचवलं तर जरा थांबा. एनएफएचएस-५ या सरकारी कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना ॲनिमिया आहे, लोह कमी असलं की ती टेस्ट उगाच जास्त दाखवते, आणि नंदुरबार-गडचिरोलीकडे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे तिथं लाल पेशी लवकर मरतात म्हणून उगाच कमी. तिथं रक्तातली शुगर आणि लिपिडच धरावं लागेल. लेप्टिन, अ‍ॅडिपोनेक्टिन, सीआरपी ही नावं हल्ली पॅकेजच्या जाहिरातीत येतात, लोक उसने पैसे काढून करतात, माझ्यासमोर करतात, त्यांना मी काय सांगू? संशोधनाला ती कामाची आहेत, पण गावातल्या माणसाला आधी ट्रायग्लिसराइड आणि एचडीएल या दोन साध्या टेस्ट मिळू देत.

सापडल्यावर काय हा प्रश्न तुमचे अधिकारी विचारतील. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या २००६ च्या अभ्यासात उंबरठ्यावरच्या लोकांना नुसतं चालणं-खाणं नीट समजावून आणि धरून ठेवून तीन वर्षांत डायबेटिस होण्याचा धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला, गोळी न देता. पण त्याला समजावणारं माणूस लागतं. रिपोर्टचा कागद देऊन पाठवलं तर काही होत नाही, दादाच्या हातात पण कागदच होता.

गेल्या रविवारी भाचा घरी आला होता, दादाचा मुलगा, १९ वर्षांचा, सोलापूरला इंजिनिअरिंगला आहे. आत्या माझंपण बघ म्हणाला म्हणून सॅम्पल घेतलं. सिरम नितळ होतं पण ट्रायग्लिसराइड १८८, एचडीएल ३६, कंबर ९१. पाचातल्या तीन भरल्या. आपल्या कार्यक्रमात त्याचं नाव लागायला अजून ११ वर्षं आहेत. ज्यांच्या घरात असा इतिहास आहे त्यांच्यासाठी, आणि ज्या मुलींना बाळंतपणात शुगर झाली होती त्यांच्यासाठी ही वयाची अट खाली आणा साहेब. तोवर त्याला मी दर रविवारी फोन करतेय, किती चाललास ते विचारायला.

आपली,
एक लॅब टेक्निशियन, सोलापूर जिल्हा