बोट शाबूत, बंदर गेलं, तर भरपाई कुणाला?

संपादक साहेब, नमस्कार,

१ जानेवारी २०२४ ला जपानच्या नोटो भागात ७.६ चा भूकंप झाला, तेव्हा आपल्या चॅनलवाल्यांनी पडलेली घरं आणि वाजिमाचा जळालेला बाजार चार दिवस दाखवला आणि विषय सोडला. आम्हा बंदरवाल्यांच्या कामाचं ते पुढेच होतं.

वाजिमा म्हणजे मच्छीमारांचं गाव. भूकंपात तिथला किनाराच वर उचलला गेला, आसपास काही ठिकाणी ४ मीटरपर्यंत, आणि बंदराचा तळही वर आला. आपल्याकडे ओहोटीला बोट गाळात रुतली तर तांडेल शिव्या घालत भरतीची वाट बघतो, पाणी चढलं की सुटका. तिथे भरती येऊनही बाहेर पडायला पाणी पुरेना! जाळी धड, इंजिन धड, आणि बोटी धक्क्याला अडकलेल्या. गाळ उपसत उपसत मोठ्या बोटी खेकड्याला निघाल्या तोवर नोव्हेंबर उजाडला होता. तिथल्या बाजारातल्या बायका मात्र थांबल्या नाहीत, मार्चमध्येच त्यांनी दूर कानाझावाच्या बंदरावर जाऊन दुकानं मांडली.

आता आपलं बघा. कोयनेचा १९६७ चा हादरा चिपळूणकडची म्हातारी माणसं अजून सांगतात, म्हणजे भूकंप आपल्याला नवा नाही. पण पंचनामा कशाचा होतो? घराचा, झाडांचा, फुटलेल्या बोटीचा. २०२० च्या निसर्ग वादळानंतर पंचनाम्याला आलेल्या साहेबांना आमच्या वाडीतली एक मावशी म्हणाली, माझं घर उभं आहे पण महिनाभर पाटीत मासळीच नाही त्याचं काय, तर साहेब म्हणाले त्याला फॉर्ममध्ये रकाना नाही. झालं. खलाशाचं तेच, बोट त्याची नाही म्हणजे नुकसानही त्याचं नाही! बर्फवाले, सुकी मासळी करणाऱ्या बायका, टेम्पोवाले, यांना तर कोणी धरतच नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की तालुक्याच्या आपत्ती आराखड्यात या सगळ्यांची नावं आत्ताच घाला, बंदर बंद पडलं की बोट फुटलेली असो नसो, बुडालेला रोज मिळाला पाहिजे. आणि दर पावसाळ्यानंतर बंदराच्या तोंडाशी पाणी किती आहे ते मोजून जेटीवर बोर्ड लावा, नाहीतर उद्या तळ वर आला की गाळ साचला यावरच दोन खाती वर्षभर भांडत बसतील.

– एक वाचक, हर्णै, ता. दापोली