कर्बोदकांवर एवढा राग का?

चि. नचिकेत,
अनेक आशीर्वाद.

कर्बोदकांचीच चरबी होते म्हणून ती पूर्ण बंद केलीस, असं परवा फोनवर मोठ्या अभिमानानं सांगितलंस. तेव्हा गप्प बसले. तू मला बोलूच देत नव्हतास. पत्राला मध्येच तोडता येत नाही, हा त्याचा फायदा.

शिजवलेल्या धान्याचा घास न गिळता चावत राहा. हळूहळू गोडसर लागतो ना? लाळेतलं अमायलेज नावाचं विकर पिष्टाचे, म्हणजे स्टार्चचे, तुकडे पाडत असतं. जठरातल्या आम्लात ते काम थंडावतं. मग लहान आतड्यात स्वादुपिंडाचं अमायलेज पुढचं तोडकाम करतं, आणि आतड्याच्या अस्तरावरची विकरं शेवटी ग्लुकोज सुटं करतात. ते रक्तातून आधी यकृताकडे जातं. इन्सुलिनच्या मदतीनं थोडं लगेच खर्ची पडतं, थोडं यकृतात नि स्नायूंत ग्लायकोजेन म्हणून साठतं. ही कोठारं भरलेली असताना गोड पेयं ढोसत राहिलं, तर यकृत जादा साखरेची चरबी करू लागतं आणि रक्तातली ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तात फिरणारी चरबी, चढतात. तेव्हा तुझं म्हणणं अगदीच खोटं नाही.

पण सगळी कर्बोदकं एका माळेचे मणी नव्हेत. ओट, बार्ली, कडधान्यं यांतला विरघळणारा तंतू पचत नाही. तो आतड्यात दाट होऊन साखरेचं शोषण मंदावतो, शिवाय पित्ताम्लं, म्हणजे चरबी पचवणारी पित्तातली आम्लं, सोबत घेऊन बाहेर पडतो. मग नवी पित्ताम्लं बनवायला यकृत रक्तातलं एलडीएल, म्हणजे धमन्यांत साचणारं ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, ओढून घेतं. नेमकं हेच तू ताटातून काढलंस, आणि त्याजागी लोण्याचा मारा! लोणी एलडीएल वाढवतं, बाबा.

आणि सिगारेटचं काय? अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात १९४८ पासून चाललेल्या अभ्यासानं रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि धूम्रपान यांचा हृदयविकाराशी संबंध कधीच दाखवून दिलाय. ‘अधूनमधून एखादी’ म्हणतोस, तीही मोजायची. वडिलांना ५५ च्या आत हृदयविकार झाला असेल तर मुलाचा धोका जास्त धरतात. तुझ्या बाबांना पन्नाशी गाठायच्या आधीच झटका आला होता, हे तुला सांगायला नको.

या महिन्यात रक्तदाब, लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) आणि एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर) तपासून घे. एचबीएवनसी ५.७ ते ६.४ टक्के म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. ‘सगळं नॉर्मल आहे गं’ चालणार नाही, रिपोर्टचा फोटो पाठव.

तुझी,
आई