‘गुड’चा आकडा आणि कमरेचा टेप

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या आरोग्य पुरवणीत चांगलं (‘गुड’) कोलेस्टेरॉल म्हणजे एचडीएल कसं वाढवावं यावर अर्धं पान आलं होतं. वर बदाम-अक्रोडांचा रंगीत फोटो आणि खाली चौकट : ‘एचडीएल ५० च्या वर असेल तर निश्चिंत राहा.’ बदामांबद्दल माझी तक्रार नाही. हरकत आहे ती ‘निश्चिंत’ या शब्दाला, आणि त्यासाठीच हे पत्र. जरा लांबलंय, कापलंत तरी चालेल, फक्त टेपचा भाग ठेवा.

मी ३१ वर्षं सांगलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते. हा आकडा हजारो रिपोर्टांवर मी माझ्या हाताने लिहिलेला आहे, त्यामुळे तो निघतो कसा ते सांगते. आता मशीन सगळं करतं, पण आमच्या वेळी सीरममध्ये फॉस्फोटंगस्टेट आणि मॅग्नेशियमचं द्रावण घालायचो, दहा मिनिटं थांबायचो आणि नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचो. बाकीचे चरबीचे कण साखळून तळाला पांढरा थर बसायचा. वर जे नितळ राहायचं त्यात एचडीएल. त्यातलं कोलेस्टेरॉल मोजायचं, की झाला ‘गुड’चा आकडा. काही नळ्या मात्र छळायच्या. सीरम ताकाच्या निवळीसारखं दुधाळ, साका नीट बसायचा नाही, वरचं पाणी गढूळच. मग सलाइन घालून पातळ करा आणि पुन्हा फिरवा. अशा नळीवरचं नाव वाचलं की पोट सुटलेला माणूस डोळ्यांपुढे यायचा, आणि बहुतेकदा अंदाज चुकायचा नाही. रक्तात ट्रायग्लिसराइड ही चरबी फार झाली की असं होतं.

सांगायचा मुद्दा हा की आम्ही मोजायचो ते एचडीएलच्या कणांत भरलेलं कोलेस्टेरॉल. ते कण काम किती करतात हे आम्ही कधीच मोजलं नाही, आजचं महागडं मशीनही मोजत नाही.

काम म्हणजे काय? आपल्या गल्लीत येणारी घंटागाडी आठवा. रक्तवाहिनीच्या भिंतीत चरबी गिळून फुगलेल्या पेशी असतात. त्यांच्याकडचं कोलेस्टेरॉल उचलायचं आणि यकृतापर्यंत नेऊन टाकायचं, ही एचडीएलची फेरी. आमचा आकडा म्हणजे एका ठरावीक क्षणी सगळ्या गाड्यांत मिळून कचरा किती होता, एवढाच. गाडी रोज फिरते का, दारापुढे थांबते का, डेपोत जाऊन रिकामी होते का, यातलं काही त्यावरून कळत नाही. गाड्या भरलेल्या दिसतात त्याचं कारण कधीकधी डेपोचं फाटक बंद आहे हेही असू शकतं. ही नुसती उपमा नाही. एचडीएलकडून माल उतरवून घेणारं यकृतावरचं ग्राहक-प्रथिनच एका दुर्मीळ जनुकदोषामुळे निकामी झालेली माणसं २०१६ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात नोंदवली गेली. त्यांचं एचडीएल भरपूर, आणि हृदयविकाराचा धोका मात्र जास्त.

उलट बाजू इटलीतली. गार्डा सरोवराकाठच्या लिमोने या गावच्या काही कुटुंबांत एचडीएल इतकं कमी निघालं की आमच्या लॅबमध्ये असा आकडा आला असता तर मी टेस्टचं रसायन खराब झालं समजून टेस्ट परत लावली असती. तरी त्या घरांत हृदयविकार अपेक्षेपेक्षा फारच कमी. त्यांच्या एचडीएलमधलं अ‍ॅपो ए-वन हे मुख्य प्रथिन जरा वेगळं आहे. मिलानच्या संशोधकांनी ते शोधलं म्हणून त्याचं नाव अ‍ॅपो ए-वन मिलानो.

मग आकड्याचा एवढा गाजावाजा कुठून आला? अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात १९४८ पासून लोकांच्या हृदयाची नोंद ठेवतात. तिथल्या १९७७ च्या निष्कर्षांत एचडीएल कमी तिथे हृदयविकार जास्त असं स्पष्ट दिसलं. ते खोटं नव्हतं, आजही नाही. पुरुषात ४० च्या खाली आणि स्त्रीत ५० च्या खाली एचडीएल असलं तर ती धोक्याची खूण मानावीच. घसरगुंडी झाली ती पुढच्या पायरीवर. आकडा औषधाने वर ढकलला की धोका खाली येईल, असं सगळ्यांनी धरून चाललं. टॉर्सेट्रापिब नावाच्या औषधाने एचडीएल सुमारे ७२ टक्क्यांनी वाढवलं. जवळपास १५,००० रुग्णांवरची ती चाचणी डिसेंबर २००६ मध्ये तडकाफडकी थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांत मृत्यू जास्त होत होते. त्या औषधाने रक्तदाबही वाढत होता. त्याच जातीची आणखी दोन औषधं २०१२ आणि २०१५ मध्ये फायदा दिसेना म्हणून गुंडाळली गेली. एचडीएल वाढवणाऱ्या नायसिन या औषधाचीही तीच गत झाली.

उत्तर वेगळ्या दिशेने आलं. अमेरिकेतल्या डॅलसमध्ये २,९२४ लोकांच्या रक्तातल्या एचडीएलला प्रयोगशाळेत पेशींपुढे ठेवून ते कोलेस्टेरॉल किती उचलतं हे मोजलं आणि पुढे नऊ-साडेनऊ वर्षं त्या लोकांवर लक्ष ठेवलं. २०१४ मध्ये निकाल आला. उचलण्याची ताकद सर्वांत जास्त असलेल्या पाव हिश्श्यातल्या लोकांत हृदयविकार-पक्षाघाताचा धोका सर्वांत खालच्या पाव हिश्श्यापेक्षा ६७ टक्क्यांनी कमी होता. बाकीच्या गोष्टी जमेस धरल्यावर नुसत्या एचडीएलच्या आकड्याचा मात्र धोक्याशी संबंध उरला नाही. ही टेस्ट जिवंत पेशींवर करावी लागते, म्हणून ती कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये मिळणार नाही. कुणी ‘एचडीएल फंक्शन पॅकेज’ विकायला आलं तर पैसे खिशातच ठेवा.

आता लठ्ठपणाचं. पोटात चरबी साठली की यकृताकडे चरबीचा लोंढा जातो आणि यकृत ट्रायग्लिसराइडने लादलेले कण रक्तात सोडत राहतं. एक प्रथिन या कणांत आणि एचडीएलमध्ये अदलाबदल घडवतं : कोलेस्टेरॉल तिकडे, ट्रायग्लिसराइड इकडे. (वरची फसलेली औषधं याच प्रथिनाला अडवायची.) ट्रायग्लिसराइडने भरलेलं एचडीएल मग तुकडे पडत लहान होतं आणि रक्तातून लवकर नाहीसं होतं. इथवरचं नुकसान रिपोर्टात दिसतं, कारण आकडा घटतो.

न दिसणारं नुकसान दाहाचं. फुगलेल्या चरबीपेशी शरीरात मंद आग धुमसत ठेवतात. अशा वेळी यकृतात तयार होणारं सीरम अमायलॉइड ए हे प्रथिन एचडीएलवर चढून बसतं आणि अ‍ॅपो ए-वनला खाली उतरवतं. उरलेल्या अ‍ॅपो ए-वनलाही पांढऱ्या पेशींच्या रसायनांनी गंज चढतो. गाडी तीच, नंबर तोच, पण आतला कामगार बदललेला. लठ्ठ म्हटलं की प्रत्येकाचं एचडीएल सारखंच बिघडतं असंही नाही. पण साखर, ट्रायग्लिसराइड आणि पोट तिन्ही वाढलेलं असेल तर ४८ काय आणि ५४ काय, त्या आकड्याला टेकून बसण्यात अर्थ नाही.

आणि नुसता कचरा उचलण्याचाच प्रश्न नाही. आपल्या पुरवणीत रक्तवाहिनीला ‘पाइप’ म्हटलं होतं, ते मला फार खटकलं. पाइपला आतून जिवंत अस्तर नसतं. रक्तवाहिनीला असतं, पेशींच्या एकाच थराचं, आणि ते नायट्रिक ऑक्साइड हा वायू तयार करून नळी सैल सोडतं. हे कळलं कसं, त्याची गंमत अशी. न्यूयॉर्कमध्ये रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर प्रयोग करायचे. १९७८ मध्ये त्यांच्या टेक्निशियनने सूचना नीट न पाळता औषधांचा क्रम बदलला आणि आकसायला हवी ती धमनी सैल पडली. शोध घेता घेता लक्षात आलं की आधीच्या प्रयोगांत धमनी कापताना आतलं अस्तरच घासून निघत होतं! फर्चगॉटना १९९८ मध्ये आणखी दोघांबरोबर नोबेल मिळालं. आमच्या पेशातल्या माणसाची चूक कुठे पोहोचू शकते याचं हे उदाहरण मी नव्या पोरांना नेहमी सांगायचे आणि वर दमही भरायचे की तुम्ही मात्र चुकू नका.

निरोगी एचडीएल या अस्तराला नायट्रिक ऑक्साइड बनवायला उत्तेजन देतं. मधुमेहातलं आणि हृदयरोग्यांचं एचडीएल हे काम नीट करत नाही असं प्रयोगांत दिसलंय. दंडाला रक्तदाबाचा पट्टा पाच मिनिटं आवळून सोडला आणि धमनी किती फुलते हे सोनोग्राफीने पाहिलं, तर अस्तराची तब्येत कळते. लठ्ठपणात ती कमी फुलते. म्हणजे छातीत दुखायच्या कितीतरी वर्षं आधी कुरबुर सुरू झालेली असते.

आमच्या घरातलंच सांगते. माझे धाकटे दीर पोटाने सुखवस्तू. दरवर्षी रिपोर्ट आला की पहिला फोन मला, “वहिनी, गुड ५४ आहे! चला, भजी टाका.” मीही हसून टाकायचे. त्यांच्या रिपोर्टात ट्रायग्लिसराइड २६० होतं, त्याच्यापुढे छापील बाण होता, आणि लॅबमध्ये आयुष्य घालवलेल्या मला तो दिसूनही मी बोलले नाही. शिवाय कुणीतरी त्यांना सांगितलेलं, थोडी घेतली की गुड वाढतं. वाढतं खरं, आकडा वाढतो. ट्रायग्लिसराइडही वाढतं. दोन वर्षांपूर्वी जिना चढताना जबडा दुखायला लागला आणि एक स्टेंट बसला. मी त्यांना म्हटलं, “भाऊजी, यात निम्मी चूक माझी.”

तेव्हापासून त्यांची स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी, गोळी आणि पहाटेचं चालणं चालू आहे. पहिल्या तीन महिन्यांत सहा किलो उतरले आणि एचडीएल ५४ चं ४७ झालं. पुन्हा फोन, या वेळी रडवेला. वजन भराभर उतरत असताना एचडीएल थोडं खाली येतं आणि वजन स्थिरावलं की वर सरकतं, ही जुनी माहिती आहे, पण रिपोर्टावर ती कुणी छापत नाही. चालण्याने हा आकडा फारसा हलत नाही, तरी रक्तवाहिन्यांचं अस्तर सुधारतं.

आता टेप. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभे असलेला फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या हिशेबात वजनाचा आकडा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२. युडकिन मॅरेथॉन धावतात, आणि याज्ञिकांचा मुख्य व्यायाम रोज सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत धावत गाठणं, असं त्यात मिश्कीलपणे लिहिलं होतं. वजनकाटा आपल्याला फसवतो तो असा. म्हणून आपल्याकडे बीएमआयची सावधगिरीची रेष २३ वर आणि कमरेची पुरुषांत ९० सेंटिमीटर, स्त्रियांत ८० वर धरतात. टेप परकराच्या नाडीवर किंवा पँटच्या पट्ट्यावर लावायचा नाही. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता लावायचा. पोट आत ओढणारे तपासणी शिबिरात फार भेटायचे, त्यात एक नगरसेवकही होते.

आणखी एक आकडा. आयसीएमआरच्या पाहणीत महाराष्ट्र, तमिळनाडू, झारखंड आणि चंडीगड इथे मिळून ७२.३ टक्के प्रौढांचं एचडीएल कमी निघालं. एवढ्या मोठ्या गर्दीला आपण ‘हे खा, गुड वाढेल’ म्हणून बाजारात पाठवणार असू, तर फायदा सुक्या मेव्याच्या दुकानदाराचा.

त्यामुळे माझी विनंती दोनच गोष्टींची. पुढच्या पुरवणीत ती ‘निश्चिंत’ची चौकट दुरुस्त करावी आणि तिथे वाचकांना एक वजाबाकी शिकवावी : एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा केलं की उरतं ते सगळं धमनीत साचू शकणारं. जुन्या रिपोर्टावरही ती करता येते, वेगळा पैसा पडत नाही. आणि फोटो छापायचाच तर बदामांऐवजी शिंप्याच्या टेपचा छापा. माझ्याकडे एक आहे, पिवळा, ८० आणि ९० वर लाल पेनाने खूण केलेला. हवा तर पाठवून देते.

आपली,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन
सांगली