मैदान जाते तेव्हा त्याचीही बातमी यावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गोल्फचे मैदान बंद झाले की त्याची बातमी येते. जमीन किती एकर होती, कोणी घेतली, तिथे आता काय उभे राहणार, हे सगळे तीत असते. ते मैदान कसे होते, हे मात्र मी आजवर कुठल्याही बातमीत वाचलेले नाही. कितव्या होलवर, म्हणजे पहिल्या फटक्याच्या जागेपासून भोकापर्यंतच्या कितव्या टप्प्यावर, वारा तोंडावर यायचा, कुठल्या ग्रीनवर (भोकाभोवतीच्या अगदी बारीक कापलेल्या हिरवळीवर) उतार दिसायचा एकीकडे आणि चेंडू वळायचा दुसरीकडे, कुठल्या बंकरने (वाळूच्या खड्ड्याने) भल्याभल्यांना रडवले, याची एक ओळही नसते. हे पत्र त्यासाठी आहे.

मी खेळाडू नाही. चौदा वर्षे कॅडी, म्हणजे खेळाडूंच्या पिशव्या वाहणारा, होतो, आणि ज्या नऊ होलांच्या मैदानावर होतो ते आता राहिलेले नाही. तिथे घरे झाली आहेत. लोकांना घरे लागतातच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ती जमीन मी खांद्यावर पिशवी घेऊन रोज दोनदा, कधी तीनदा चाललो आहे. मैदान बंद झाल्यावर सहा महिन्यांनी, बुलडोझर यायच्या आधी, मी एकदा आत जाऊन आलो. ग्रीनवरचे गवत जेमतेम तीन-चार मिलिमीटर ठेवावे लागते, त्यासाठी जवळपास रोज पहाटे यंत्र फिरवावे लागते. ते थांबले की आधी ग्रीन फेअरवेत, म्हणजे मधल्या कापलेल्या पट्ट्यात, मिसळते, मग फेअरवे रफमध्ये, म्हणजे बाजूच्या वाढलेल्या गवतात. बंकरच्या कडा ढासळतात आणि वाळू तणाखाली जाते. सातवे ग्रीन शोधायला मला झाडांच्या खुणांवरून पावले मोजत जावे लागले. डोळे मिटून जिथे उभा राहिलो असतो ती जागा मला सापडत नव्हती, हे अजून मनातून जात नाही.

टेनिसचे कोर्ट मोडले तर त्याच मापाचे दुसरीकडे आखता येते. गोल्फचे तसे नाही. भोकाचा व्यास सोडला तर इथे ठरलेले माप जवळपास नाहीच. जमिनीला जो चढ, जी घळ, जो उंचवटा असेल त्यातूनच होल जन्माला येते. जमीन सपाट केली की ते होल जगात कुठेच उरत नाही. उरली तर त्याची नोंदच उरते.

नोंद असेल तर काय होऊ शकते, याचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे लिडो. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडच्या किनाऱ्यावर, पहिल्या महायुद्धाच्या काळात, चार्ल्स ब्लेअर मॅकडोनाल्ड आणि सेथ रेनर या मैदाने आखणाऱ्या जोडीने हे मैदान घडवले. जागा दलदलीची होती. तिच्यावर सुमारे 20 लाख घनयार्ड वाळू उपसून टाकली आणि मग तिला आकार दिला. अठराव्या होलची कल्पना तर एका स्पर्धेतून आली. 1914 मध्ये ‘कंट्री लाइफ’ या इंग्लिश मासिकाने वाचकांकडून होलची रेखाटने मागवली होती. पहिला क्रमांक मिळाला अ‍ॅलिस्टर मॅकेंझी यांना. पुढे नामवंत खेळाडू बॉबी जोन्स यांच्यासोबत अमेरिकेतले ऑगस्टा नॅशनल हे प्रसिद्ध मैदान आखणारे ते हेच. दुसऱ्या महायुद्धात नौदलाने लिडोची जागा घेतली आणि मैदान गेले. त्यानंतर ऐंशी वर्षे ते जाणकारांच्या बोलण्यात तेवढे शिल्लक होते.

2023 मध्ये अमेरिकेच्याच विस्कॉन्सिन राज्यात मैदाने आखणारे टॉम डोक यांनी ते पुन्हा उभे केले. नुसते त्या धर्तीचे नव्हे, उंचवटा न् उंचवटा जुळवून. एका हौशी अभ्यासकाने जुनी छायाचित्रे, विमानातून टिपलेली दृश्ये आणि त्या काळच्या वर्तमानपत्रांतली वर्णने जमवून संगणकावर आधी सारे मैदान उभारले होते, त्यावरून हे काम झाले. संपादक महोदय, यातला वर्तमानपत्रांचा वाटा मला फार महत्त्वाचा वाटतो. शंभर वर्षांपूर्वी कुणा वार्ताहराने चार ओळी जास्त लिहिल्या म्हणून एका उताराचा पत्ता लागू शकला.

स्कॉटलंडमध्ये साउथ युइस्ट बेटावर जुन्या काळचे नामवंत खेळाडू ओल्ड टॉम मॉरिस यांनी 1891 मध्ये अ‍ॅस्कर्निश हे मैदान आखले होते. तेही असेच विस्मरणात गेले. 2005 नंतर वाळूच्या टेकड्यांमधून त्याची होले पुन्हा शोधली गेली आणि 2008 मध्ये ते खुले झाले. तिथे सुदैवाने जमिनीवर कुणी काही बांधले नव्हते. स्कॉटलंडमध्येच प्रेस्टविकला 1860 मध्ये पहिली ओपन, म्हणजे ब्रिटनची मानाची गोल्फ स्पर्धा, झाली, ती बारा होलांवर. ते बारा होलांचे मैदान आज जसेच्या तसे नाही, पण पहिल्या टीच्या, म्हणजे पहिला फटका मारायच्या, जागी दगडांची रास रचून ठेवली आहे. तिथून पहिले होल 578 यार्डांचे होते, आणि 1870 च्या ओपनमध्ये ओल्ड टॉम यांचे पुत्र यंग टॉम मॉरिस यांनी ते तीन फटक्यांत पुरे केले. त्या राशीपाशी उभे राहिले तर अंतर डोळ्यांनी पाहता येते आणि तो पराक्रम समजतो. तिथल्याच लीथला तर 1744 मध्ये या खेळाचे पहिले लेखी नियम झाले. तिथली पाच होले गेली, पण ती जागा बाग म्हणून आजही मोकळी आहे.

मैदाने का बंद होतात, हे मला कळते. पाणी लागते, माणसे लागतात, आणि जमिनीची किंमत खेळातून कधीच निघत नाही. अमेरिकेत 2006 पासून कितीतरी वर्षे उघडणाऱ्या मैदानांपेक्षा बंद होणारी जास्त होती. चीनने 2017 मध्ये जमीन आणि पाणी वाचवण्यासाठी एकदम 111 मैदाने बंद केली. जपानमध्ये क्योटो प्रांतात एका सोडून दिलेल्या मैदानाच्या जागेवर सौर पॅनेल बसले.

प्रत्येक वेळी अन्यायच होतो असेही मी म्हणणार नाही. कॅलिफोर्नियात ओशन मेडोज हे मैदान 1965 मध्ये खाडीकाठची पाणथळ जागा भरून केले होते. ते बंद झाल्यावर भराव काढला आणि पाणी परत आत घेतले. जी जागा मुळात पक्ष्यांची होती ती पक्ष्यांना मिळाली, याचा मला आनंदच आहे. सिंगापूरच्या जुराँग कंट्री क्लबची गोष्ट मात्र जिवाला लागते. वेगवान रेल्वेच्या स्थानकासाठी ते 2016 मध्ये बंद केले, आणि 2020 च्या अखेरीस रेल्वेचा करारच रद्द झाला. ज्या कारणासाठी मैदान गेले ते कारणही राहिले नाही.

माझे मागणे मैदाने वाचवा असे नाही. ते आपल्या हातात नाही, माझ्याही नाही. मागणे एवढेच आहे की मैदान बंद होत असल्याची बातमी आली की वार्ताहराने जमिनीच्या कागदांबरोबर स्कोअरकार्डही मागावे. एका छायाचित्रकाराने पहिल्या टीपासून शेवटच्या ग्रीनपर्यंत एकदा चालत जावे. हल्ली फोननेही हे काम होते. आणि माहिती विचारताना फक्त पदाधिकाऱ्यांना विचारू नये. त्यांच्याकडे करंडकांच्या तारखा असतात. पहाटे गवत कापणाऱ्याला विचारावे, पिशव्या उचलणाऱ्यांना विचारावे. कुठे पाणी साचते, कुठे दव उशिरापर्यंत राहते, पटिंगला, म्हणजे ग्रीनवर चेंडू भोकाकडे हळूच ढकलताना, तो कुठे दगा देतो, हे त्यांना ठाऊक असते. ते कुठल्याच इतिवृत्तात लिहिलेले नाही, आणि ही माणसे म्हातारी होत आहेत. आमच्या मैदानावर गवत कापणारे दोघे आता हयात नाहीत. त्यांना मी वेळेवर विचारले नाही, हे मला आयुष्यभर लागून राहील.

आपण महिन्यातून एकदा, कोपऱ्यात का होईना, बंद झालेल्या एका मैदानाचे एक होल छापावे. वाचक पाठवतील. पहिले मीच पाठवतो आहे, जागा असेल तर घ्यावे.

सातवे होल. पार 3 (म्हणजे तीन फटक्यांत पुरे व्हावे असे), मागच्या टीवरून 162 यार्ड. टीवरून ग्रीनचा डावा अर्धाच दिसायचा, उजवा एका बुटक्या उंचवट्याआड. पुढे एकच बंकर, गुडघ्याएवढा खोल, पण त्याची मागची कड आत झुकलेली. सकाळी वारा पाठीवर, दुपारनंतर डावीकडून. ग्रीन मागून पुढे उतरते असे वाटायचे, प्रत्यक्षात सगळे पाणी उजवीकडे जायचे. नवा खेळाडू झेंड्यावर नेम धरायचा. आम्ही सांगायचो, झेंड्याच्या डावीकडे दहा पावले मारा, उरलेले ग्रीन करील.

आपला विश्वासू,
एक जुना कॅडी