रुंद चाकं बसवून देणाऱ्या दादांना आभाराचं पत्र

दादा, सप्रेम नमस्कार.

रिम मागवण्याआधी तुम्ही आम्हाला थांबवलंत, त्यासाठी हे पत्र. 15 इंच व्यासाची काढून 17 इंच व्यासाची चाकं घालायची, एवढंच आमचं ठरलं होतं. तुम्ही कागद पुढे ओढून आकडे मांडलेत. जुनी रिम 6 इंच रुंद, ऑफसेट (रिमच्या मध्यरेषेपासून ती गाडीला टेकते त्या बैठकीपर्यंतचं अंतर) 40 मिमी. नवी साडेसात इंच रुंद, ऑफसेट 35. रुंदी दीड इंच वाढली, म्हणजे दोन्ही बाजूंना 19-19 मिमी. त्यात ऑफसेट 5 ने कमी, म्हणजे अख्खं चाक 5 मिमी बाहेर; म्हणून चाकाची बाहेरची कड 24 मिमी बाहेर आणि आतली कड 14 मिमी आत सरकणार. ऑफसेट 40 च ठेवला असता तर ते 5 मिमी शॉकअपकडे गेले असते, आणि तिथे तेवढी जागाच नव्हती.

टायरही तुम्हीच सुचवलात. जुन्या 185/65 आर 15 (टायरची रुंदी मिमीत, बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिमचा व्यास इंचांत) चा व्यास साधारण 622 मिमी, नव्या 215/45 आर 17 चा 625. एक टक्काही फरक नाही, त्यामुळे स्पीडोमीटरचं गणित बिघडलं नाही.

पण सगळ्यात मोठे उपकार स्प्रिंग काढण्याचे. उभ्या गाडीत चाक मोकळं दिसलं की बहुतेक जण खूश होतात. तुम्ही टायर चढवलेलं एकच चाक ट्रायलला आणवलंत, गाडी स्टँडवर घेतलीत, स्ट्रटवरची (शॉकअपच्या खांबावरची) स्प्रिंग उतरवलीत आणि हब, म्हणजे चाक बसतं तो भाग, खालून जॅकने बंप स्टॉप (चाकाची वर जायची हद्द ठरवणारा रबर) दबेपर्यंत उचललात. मग स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवलंत. घासायचं ते इथेच घासतं, कारण वळणावर खड्डा आला की चाक नेमकं असंच वर जातं. लायनरचा (चाकावरच्या आतल्या प्लास्टिक आवरणाचा) कोपरा आणि फेंडरच्या पत्र्याची आतली घडी घासते, हे तिथेच सापडलं. कॅलिपरवर (ब्रेकच्या चिमट्यावर) मातीचा गोळा दाबून चाक फिरवलंत, तेव्हा माती 4 मिमी जाड उरली, म्हणजे रिम आणि कॅलिपरमध्ये तेवढी फट. 3 च्या खाली गेली असती तर ती रिम तुम्ही लावूच दिली नसती.

घडी रोलरने वळवताना रंग हीट गनने सतत गरम ठेवलात. थंड पत्र्यावर रोलर फिरला की रंगाला केसासारख्या चिरा पडतात आणि तिथूनच गंज धरतो. रिमचं मधलं भोक हबपेक्षा मोठं होतं, त्यात रिंगा बसवल्यात; त्या नसत्या तर वेगात स्टिअरिंग थरथरलं असतं. जुने गोल बैठकीचे (रिमला टेकणारा भाग गोल असलेले) नट बाजूला ठेवून शंकूच्या बैठकीचे लावायला सांगितलंत, आणि 12 मिमी जाडीच्या, दीड मिमी पिचच्या (दोन आट्यांमधल्या अंतराच्या) स्टडवर प्रत्येक नट हाताने आठ फेरे तरी आत जातो का, ते स्वतः मोजलंत.

100 किमी चालवून पुन्हा टॉर्क रेंच (नट ठरावीक जोरानेच आवळणारा पाना) लावायला सांगितलं होतंत. लावला. वीसपैकी दोन नट किंचित फिरले, बाकीचे जागेवर होते. पाच माणसं बसवून, खड्ड्यातून, दोन्हीकडे वळवून पाहिलं. कुठेच घासत नाही, दादा. तुमचे मनापासून आभार.

तुमची,
गाडी बांधणारी आम्ही सगळी मंडळी