टायर उभ्यानं दिसत नाही

काका, सादर नमस्कार.

तुम्ही मला नावानं ओळखत नाही. तुमच्या गॅरेजात आलेली, लाल पेट्या लावलेली मोटरसायकल, पुढचं मडगार्ड तडकलेलं आणि चालवणारीच्या डाव्या कोपराला पट्टी, एवढं सांगितलं तर कदाचित आठवेल. त्याला आता चार महिने झाले. पत्र लिहायला इतके दिवस लावले, कारण आधी स्वतःची खात्री करून घ्यायची होती. तेव्हापासून डांबरावर ३,००० किलोमीटरच्या वर आणि खडीवर ८०० किलोमीटर झालेत. त्यातलं एकही वळण मी दात आवळून घेतलेलं नाही. म्हणून आज लिहितेय, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय.

तुमच्याकडे यायच्या आधी मी दोन दुकानांत जाऊन आले होते. पहिल्या ठिकाणी धाकटा भाऊ सोबत होता. गाडी माझी, किल्ली माझ्या हातात, प्रश्न मी विचारत होते आणि उत्तरं त्याला मिळत होती. ‘‘तिलाच सांगा ना, गाडी तिची आहे,’’ असं तो दोनदा म्हणाला. समोरचा माणूस माझ्याकडे बघून हसला आणि पुन्हा त्याच्याशीच बोलायला लागला. ‘अ‍ॅडव्हेंचर गाडी आहे, मग टायरही तसाच रांगडा पाहिजे,’ एवढ्या एका वाक्यावर रबराच्या सगळ्यात मोठ्या ठोकळ्यांचे टायर माझ्या गाडीवर चढले. मी कुठं चालवते, किती चालवते, सामान किती असतं, हे कुणीही विचारलं नाही.

पहिल्याच पावसात ओल्या डांबरावर पुढचं चाक सरकलं. थोडक्यात सावरले. महिनाभरानं कच्च्या रस्त्याच्या एका साध्या उतारावर पुन्हा तेच झालं, आणि तेव्हा मात्र सावरता आलं नाही. दुसऱ्या ठिकाणी गाडी दाखवली तर टायरकडे वाकूनसुद्धा न बघता सांगितलं गेलं, ‘‘टायर नवेच आहेत मॅडम. हात बसायला हवा.’’

काका, कोपराची जखम पंधरा दिवसांत भरली, हे वाक्य मात्र रुतून बसलं. मी ते खरं मानलं होतं. रस्त्यावर खडी दिसली की पोटात गोळा यायचा, खांदे ताठ व्हायचे, आणि ताठ खांद्यांनी खडीवर गाडी चालत नाही. म्हणजे मी खरोखरच वाईट चालवायला लागले होते. गाडी विकायचं मनात पक्कं होत आलं होतं. विकायची तर मडगार्ड तरी धड असावं, म्हणून मी तुमच्याकडे आले होते. टायरचा विषयही मी काढला नव्हता.

तुम्ही मडगार्डकडे बघितलं, मग त्याच्या खाली बघितलं, आणि आत जाऊन तुमचं ते बुटकं लाकडी स्टूल घेऊन आलात. त्याचा एक पाय आखूड, खाली रबराचा तुकडा ठोकलेला. मला वाटलं तुम्ही बसून काम करणार. तुम्ही ते फडक्यानं पुसलंत, पुढच्या चाकासमोर ठेवलंत आणि म्हणालात, ‘‘बसा ताई. टायर उभ्यानं दिसत नाही.’’ आणि स्वतः शेजारी जमिनीवर उकिडवे बसलात.

मला आभार मानायचेत ते या स्टुलाचे. त्यानंतर तुम्ही जे केलंत ते एखादा जाणकार करूही शकतो. पण गाडीच्या मालकिणीला तिच्याच गाडीसमोर बसवून ‘तुम्हीच बघा’ असं म्हणणारा माणूस मला तोवर भेटला नव्हता.

‘‘हात फिरवा, तळवा सपाट ठेवून,’’ तुम्ही म्हणालात. मी फिरवला. एका दिशेनं ठोकळे गुळगुळीत लागत होते. ‘‘आता उलटा.’’ उलट्या दिशेनं प्रत्येक ठोकळ्याची कड तळव्याला अडत होती, करवतीच्या दात्यांसारखी. एक कड झिजलेली, दुसरी उंच राहिलेली. ब्रेक लावताना उंच ठोकळा कसा मुडपतो आणि हवा कमी असली की आणखी कसा मुडपतो, हे तुम्ही बोटानं एक ठोकळा ढकलून दाखवलंत. मग हवा मोजलीत. दोन्ही चाकांत २५ पीएसआय. गाडीच्या पुस्तकात पुढं ३६ आणि मागं ४२ लिहिलंय. पहिल्या दुकानातून निघताना ‘ऑफ-रोडला कमीच बरी’ म्हणून जी सोडली होती, तेवढ्यावरच मी सामान लादून हायवे तुडवत होते.

मग तुम्ही टायरच्या बाजूचा चिखल अंगठ्यानं खरवडलात आणि चार आकडे मला वाचायला लावलेत. १११८. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. २०१८ सालचा ११ वा आठवडा. मी ते टायर २०२४ मध्ये कोरे म्हणून विकत घेतले होते. नक्षी कोरीच होती हो, पण सहा वर्षं कुठं आणि कशी पडून होती कोण जाणे. तुम्ही नखानं रबर दाबलंत आणि मलाही दाबायला सांगितलंत. नख उमटत नव्हतं. ओल्या डांबरावर मोठ्या ठोकळ्यांचा टायर आधीच कमी रबर टेकवतो, कारण मधल्या फटी मोठ्या असतात. त्यात ते रबर असं कडक झालेलं. तुम्ही कुणालाही नावं ठेवली नाहीत. फक्त म्हणालात, ‘‘ताई, यावर मीही घसरलो असतो.’’

हे ऐकून मला स्टुलावर बसल्या बसल्या रडू आलं होतं. तुम्ही उठून पाना शोधायला आत गेलात आणि बराच वेळ आतच राहिलात. पाना बाहेर तुमच्या पायाशीच पडलेला होता, हे मी नंतर बघितलं. त्याबद्दलही आभार.

त्या दिवशी तुम्ही मला टायर विकले नाहीत. मडगार्ड बसवलंत, हवा पुस्तकाप्रमाणे भरलीत, पावसात गाडी काढू नका म्हणून बजावलंत, आणि घरी जाऊन मागच्या दहा फेऱ्यांचा हिशोब लिहून आणायला सांगितलंत. मी तर निम्मं डांबर, निम्मी खडी असं ठामपणे सांगत होते. कागदावर मांडल्यावर निघाले २,१०० किलोमीटर, त्यात खडी आणि कच्चा रस्ता जेमतेम ४००. तुम्हाला ते आधीच ठाऊक होतं. मागचा टायर मधोमध सपाट झाला होता, तो सरळ हायवेवर झिजल्याशिवाय तसा होत नाही.

पण त्या कागदावर तुम्ही मला ‘मग रस्त्याचेच टायर घ्या’ असंही सांगितलं नाहीत. तुम्ही विचारलंत, ‘‘या ४०० मध्ये भीती कुठं वाटते?’’ मी म्हटलं, पुढच्या चाकाची. मागचं हललं तर कळतं, सावरता येतं. पुढचं गेलं की कळेपर्यंत मी खाली असते. तेव्हा तुम्ही म्हणालात, मग डांबर-खडीचे टक्के दोन्ही चाकांना सारखे कशाला लावायचे?

टायरच्या जाहिरातीतले ८०/२० आणि ५०/५० हे आकडे, म्हणजे किती टक्के रस्ता आणि किती टक्के कच्चं, मी तोवर वजनकाट्यावरचे असल्यासारखे वाचत होते. त्यांचं कुठलंही ठरलेलं माप नाही, प्रत्येक कंपनी आपापल्या अंदाजानं छापते, हे तुमच्याकडे कळलं. मिशेलिन त्यांच्या अनाकी अ‍ॅडव्हेंचर टायरला ८० टक्के रस्ता म्हणते. काँटिनेंटलचा टीकेसी ८० सुट्या सुट्या ठोकळ्यांचा, खडीत कड रुतवून धरणारा, पण हायवेवर मागच्या चाकाला लवकर संपणारा. हायडेनाऊच्या के६० स्काउटच्या मागच्या काही मापांत मधोमध सलग पट्टी असते, ती सरळ रस्त्यावर दीर्घकाळ टिकते. नावं तुम्ही भराभर घेतलीत आणि सोडूनही दिलीत. जोर होता तो हिशोबावर. मागचं चाक वजन ओढतं, इंजिनचा जोर सोसतं, सर्वांत जास्त झिजतं, तर त्याला माझ्या डांबराच्या १,७०० किलोमीटरचा टायर द्या. पुढचं चाक मला उभं ठेवतं, त्याला माझ्या खडीच्या ४०० किलोमीटरचा द्या. पुढं ठोकळेदार, मागं सौम्य. दोन्ही रेडियल, म्हणजे आतून एकाच बांधणीचे, आणि अशी जोडी लावायला कंपनीची हरकत नाही ना, हे तुम्ही माझ्यासमोर तपासून घेतलंत. मागच्या टायरवरचा ६९ हा आकडा म्हणजे ३२५ किलोचा भार, हेही मलाच वाचायला लावलंत, आणि मग लादलेल्या पेट्यांचं वजन विचारलंत. तोवर पेट्यांचं वजन मी कधी केलंच नव्हतं.

टायर बसवण्याचं काम कसं झालं ते इथं लिहीत नाही, ते तुमच्या हातचं काम आहे. दोन गोष्टी मात्र तुमच्या शब्दांत लिहून ठेवल्यात. कोऱ्या टायरवर पहिले १५० किलोमीटर नरमाईनं, वरचा गुळगुळीतपणा जाईपर्यंत. आणि खडीला थोडी हवा उतरवली असेल तर खडी संपल्यावर आधी हवा, मग फोटो.

गेल्या महिन्यात त्याच उतारावर पुन्हा गेले. मुद्दाम गेले. वर थांबले, खाली उतरले, चाकासमोर बसून हवा मोजली, चार पीएसआय उतरवली. मग पाय ठेवायच्या पेगवर उभी राहिले आणि गाडी सोडली. मागचं चाक दोनदा हललं, मी हलू दिलं. पुढचं खडीत कुरकुरत आपली रेघ धरून राहिलं. खाली पोचल्यावर हेल्मेट काढून मी बराच वेळ नुसती उभी होते. हात थरथरत नव्हते.

काका, माहिती आता सगळीकडे सांडलेली आहे. कुठला टायर किती चालला हे सांगणारे शेकडो लोक मला भेटले होते, आणि त्यातले बरेच खरंही सांगत होते. पण समोरच्या माणसाला आधी बसायला द्यावं, त्याला त्याच्या डोळ्यांनी बघू द्यावं, त्याची चूक नसेल तर ती नाही असं स्पष्ट सांगावं, आणि विकायची वस्तू हातात असताना ‘आज नको’ म्हणावं, याला निराळा पिंड लागतो. अशी माणसं आपल्या चांगुलपणाची पाटी लावत नाहीत, म्हणून सापडायला वेळ लागतो. एखादं सापडलं की मग मागची दोन दुकानं आपोआप लहान दिसायला लागतात. ज्यांनी माझ्या भावाकडे बघून मला टायर विकले, त्यांनी हे वाचलं तर एवढंच करावं: पुढची कुणी एकटी किंवा कुणासोबत आली तर किल्ली कुणाच्या हातात आहे ते बघून बोलावं.

गाडी विकली नाही, हे वेगळं सांगायला नको. मागचा टायर पुढच्या पावसाळ्यापर्यंत जाईल असं दिसतंय, मधोमध अजून गोलाई आहे. पुढच्यावर दर रविवारी तळवा फिरवते, आधी सुलटा, मग उलटा. अजून अडत नाही. अडायला लागला की येईन. तोवर हवा मीच बघते, सकाळी, गाडी थंड असताना, खाली बसून.

तुमची,
स्टुलावर बसलेली