८१ टक्के पडले म्हणून आयटीआय नको?

संपादकसाहेब, नमस्कार.

दहावीचा निकाल लागला की नातेवाइकांचे फोन सुरू होतात, यंदा आमच्याच पोरीचा निकाल म्हणून जरा जास्तच. तिला ८१ टक्के पडले. पहिला फोन तिच्या मामाचा, सायन्स ना? दुसरा आत्याचा, सायन्सच ना? तिसऱ्याला मी सांगून टाकलं की ती आयटीआयला इलेक्ट्रिशियन करते म्हणते, तर पलीकडून जरा वेळ आवाजच नाही आणि मग हळूच, "का रे, गणितात गेली काय?"

मी स्वतः आयटीआयवाला. पंचवीस वर्षं गोव्यात फोंडा, कुंडई, मडकई भागात वायरिंगची कामं करतोय, घर त्याच्यावरच बांधलं. तरी खरं सांगतो, ती पहिल्यांदा बोलली तेव्हा मीच म्हटलं, आधी बारावी कर, मग बघू. म्हणजे दुसऱ्यांना काय नावं ठेवायची.

माझं मन बदललं ते गेल्या गणेशचवथीच्या आठवणीने. ऐन आरतीच्या वेळी ईएलसीबी, म्हणजे करंट कुठे गळला की लाइन तोडणारा मेन स्विच, पडला, अख्खं घर काळोखात. वर केला की परत खाली. सगळ्यांचा संशय माटोळीवरच्या, म्हणजे गणपतीवर फळं बांधतो त्या चौकटीवरच्या, लायटींच्या माळेवर, एक भाऊ तर म्हणे बायपास करून टाक, चवथ झाल्यावर बघू. मी दुसऱ्याच्या घरी कामावर होतो, येईपर्यंत पोरीने मेन बोर्डातले सगळे एमसीबी, म्हणजे एकेका लाइनचे स्विच, खाली करून एकेक वर करायला घेतले होते, मागच्या पडवीचा वर केला की पडतो हे सापडल्यावर तिथले प्लग एकेक काढले आणि शेवटी विहिरीवरच्या पंपाकडे आली. केबल एका ठिकाणी सोलून ओल्या भिंतीला टेकली होती. माळेचा काही संबंधच नाही. हे तिला मी कधी बसवून शिकवलं नव्हतं, बघून बघून आलं. एवढी पद्धतशीर फॉल्ट शोधणारी पोरं माझ्याकडे कामाला आली असती तर मी आज म्हातारा दिसलो नसतो.

आता शाळेत काय झालं ते. शाळेचं नाव घेत नाही. दाखला आणायला गेलो तर एक शिक्षक म्हणाले, एवढे मार्क फुकट घालवताय. फुकट कसे हो? फर्मागुडीला जाऊन बघा, एकाच पठारावर सरकारी आयटीआय आहे, इंजिनिअरिंग कॉलेज आहे आणि २०१६ ला आयआयटी सुरू झाली ती पण त्याच कॉलेजच्या आवारात. आयटीआयचा दोन वर्षांचा ट्रेड, म्हणजे कोर्स, करून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, आणि डिप्लोमा करून डिग्रीच्याही दुसऱ्या वर्षाला. सीट थोड्या असतात आणि पुढे गणित अंगावर येतं ते वेगळं, त्याच्यासाठीच तर चांगले मार्कवाली पोरं यायला हवीत ना. पण हा रस्ता आहे हे त्या शिक्षकांना पण धड माहीत नव्हतं, मलाच समजवावं लागलं.

धोरणात सगळं आहे बरं का. १९८६ च्या शैक्षणिक धोरणात लिहिलेलं की १९९५ पर्यंत उच्च माध्यमिकची २५ टक्के मुलं व्यावसायिक शिक्षणाकडे वळतील. आता २०२० च्या धोरणात परत नवीन टार्गेट, २०२५ पर्यंत निदान ५० टक्के विद्यार्थ्यांना व्यावसायिक शिक्षणाची ओळख. आमच्या वाड्यावर तरी अजून सायन्स हुशारांना, कॉमर्स मधल्यांना, आर्ट्स उरलेल्यांना आणि वोकेशनल, आयटीआय नापास होता होता वाचलेल्यांना, अशीच वाटणी आहे.

सगळं गोड आहे असंही नाही. इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये कॉन्ट्रॅक्टवर घेतात, पगार कमी, आणि पोरगी शिडीवर चढली की चार लोक खाली उभे राहून बघणार. आमच्या पोरीची त्याला तयारी आहे, तिच्या आईची अजून नाही. आणि जिला खरंच फिजिक्सची आवड आहे तिने खुशाल अकरावी सायन्स घ्यावं, माझं भांडण त्याच्याशी नाही. माझं म्हणणं एवढंच की नववीतच पोरांना एक दिवस आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये न्या, वेल्डिंग बघू दे, मोटरचं वाइंडिंग हाताने करू दे, निकालानंतर फॉर्म भरायच्या घाईत काउन्सेलिंग करून काय उपयोग, तेव्हा फक्त मामा आणि आत्या बोलतात.

आणि एक तक्रार तुमच्याकडे पण. निकालाच्या दुसऱ्या दिवशी तुमच्या पेपरात पहिल्या आलेल्यांचे फोटो, पेढे भरवणारे आईवडील, अर्धं पान भरून. आयटीआयच्या ट्रेड टेस्टचा पण निकाल लागतो दरवर्षी. तिथे पण कोणीतरी पहिलं येतं. त्याचा एक फोटो यंदा छापून बघा.

एक वायरमन, म्हार्दोळ